फिटनेसचा कागद आणि रक्तवाहिनीचे अस्तर

मोठे ऑपरेशन ठरले की सर्जन आधी सांगतात, ‘फिजिशियनचा फिटनेस घेऊन या.’ मग ईसीजी, रक्ताच्या तपासण्या, छातीचा एक्स-रे आणि हल्ली जवळजवळ प्रत्येकाचा टू-डी एको. ‘फिट फॉर सर्जरी’ असा शेरा मिळाला की घरच्यांच्या जिवात जीव येतो. हा शेरा लिहिणारे डॉक्टर निष्काळजी असतात असे मला मुळीच म्हणायचे नाही. तो शेरा ज्या प्रश्नाचे उत्तर देतो, तो प्रश्नच आता जुना झाला आहे. माणूस टेबलावर तग धरेल का, हा तो प्रश्न. भूलशास्त्राने तो बराचसा सोडवला आहे.

‘व्हिजन’ या आंतरराष्ट्रीय अभ्यासाचे २०१९ मध्ये आलेले आकडे बघा. चौदा देशांतले, पंचेचाळीस वर्षांवरचे ४०,००४ रुग्ण. हृदयाच्या नव्हे, तर खुबा, आतडे, मूत्रपिंड, रक्तवाहिन्या अशा इतर अवयवांच्या शस्त्रक्रिया. तीस दिवसांत १.८ टक्के रुग्ण दगावले. त्या मृत्यूंपैकी प्रत्यक्ष ऑपरेशन थिएटरमध्ये झालेले फक्त ०.७ टक्के. उरलेले जवळजवळ सगळे नंतर, वॉर्डात, आयसीयूत किंवा घरी. नातेवाईक ज्या दाराबाहेर देव पाण्यात ठेवून बसतात, त्या दाराच्या आत धोका सर्वांत कमी असतो. तो खरा सुरू होतो रुग्ण बाहेर आल्यावर, सगळे हुश्श करून चहाला गेलेले असतात तेव्हा.

असे का होते, हे समजायचे तर रक्तवाहिनीकडे वेगळ्या नजरेने पाहावे लागेल. आपल्या मनात रक्तवाहिनी म्हणजे नळ असतो. आतून गंज चढला, ब्लॉकेज झाले की नळ तुंबतो. हे चित्र अर्धेच खरे आहे. प्रत्येक रक्तवाहिनीला आतून पेशींच्या एकाच थराचे अस्तर असते. एंडोथेलियम म्हणतात त्याला. किती रुंद व्हायचे, रक्त कुठे गोठू द्यायचे, कुठे नाही, सूज कुठे येऊ द्यायची, हे सगळे हे अस्तर क्षणोक्षणी ठरवत असते.

त्याचे महत्त्व कसे कळले, ती हकीकत मोठी रंजक आहे. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये रॉबर्ट फर्चगॉट सशाच्या महाधमनीच्या पट्ट्या कापून त्यांवर औषधांचे परिणाम पाहत. अॅसिटिलकोलीन टाकले की पट्टी आवळायची. जिवंत प्राण्यात मात्र तेच द्रव्य रक्तवाहिन्या रुंद करायचे. हा पेच वर्षानुवर्षे होता. १९७८ मध्ये तंत्रज्ञाने ठरलेला क्रम न पाळल्यामुळे एक प्रयोग वेगळा झाला आणि महाधमनीचा तुकडा आवळण्याऐवजी सैलावला. फर्चगॉट यांनी तो प्रयोग चुकला म्हणून टाकून दिला नाही, मुळाशी गेले. तेव्हा उलगडले की पट्टी कापताना तिची आतली बाजू घासली जात होती आणि अस्तर खरवडून निघत होते. अस्तर शाबूत असेल तरच रक्तवाहिनी सैलावते. १९८० मध्ये हा शोध प्रसिद्ध झाला. अस्तरातून निघणारे ते द्रव्य म्हणजे नायट्रिक ऑक्साइड, हे पुढे सिद्ध झाले आणि १९९८ चे नोबेल फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद यांना मिळाले.

आता मोठ्या शस्त्रक्रियेनंतरचे पहिले दोन-तीन दिवस डोळ्यांसमोर आणा. कापलेल्या ऊतींमुळे सबंध शरीरात दाह पेटलेला असतो. रक्त नेहमीपेक्षा लवकर गोठू पाहते. वेदना आणि ताणामुळे नाडी नव्वद-शंभरवर. रक्तस्रावाने हिमोग्लोबिन उतरलेले, मधूनच रक्तदाब पडतो. हृदयाची प्राणवायूची मागणी वाढलेली आणि पुरवठा घटलेला. निरोगी अस्तर असेल तर वाहिन्या रुंदावतात आणि वेळ निभावते. मधुमेह, तंबाखू, उच्च रक्तदाब किंवा मूत्रपिंडाच्या विकाराने अस्तर आधीच थकलेले असेल, तर वाहिनीत मोठे ब्लॉकेज नसतानाही हृदयाच्या स्नायूला इजा होऊ शकते. विश्रांतीच्या वेळी काढलेल्या टू-डी एकोत यातले काही दिसत नाही. एको हृदयाच्या झडपा आणि पंप दाखवतो. सरसकट सर्वांचा एको करू नये असे अमेरिकेतल्या हृदयरोगतज्ज्ञांची मार्गदर्शिका सांगते, ते केवळ पैसे वाचवण्यासाठी नव्हे.

ही इजा गुपचूप होते. ‘व्हिजन’च्याच १५,०६५ रुग्णांच्या आधीच्या विश्लेषणात शस्त्रक्रियेनंतर रक्तातले ट्रोपोनिन ठरावीक दिवशी मोजले. हृदयाच्या स्नायूला इजा झाली की हे प्रथिन रक्तात उतरते. आठ टक्के रुग्णांमध्ये अशी इजा आढळली, बहुतेकांत पहिल्या दोन दिवसांतच. त्यांच्यापैकी छातीत दुखणे वगैरे लक्षण होते फक्त १५.८ टक्क्यांना. उरलेल्यांना काही कळले नाही, कारण वेदनाशामके चालू होती, ग्लानी होती, आणि पोटाच्या टाक्यांपुढे छातीकडे लक्ष कोणाचे जाणार? इजा झालेल्यांपैकी ९.८ टक्के महिन्याभरात गेले. न झालेल्यांपैकी १.१ टक्के.

मग अस्तराचीच परीक्षा आधी का घेऊ नये? घेता येते. हातावर पट्टा बांधून पाच मिनिटे रक्तप्रवाह थांबवायचा, सोडायचा आणि दंडातली धमनी किती रुंदावते ते सोनोग्राफीवर मोजायचे. बॉस्टनमध्ये रक्तवाहिन्यांच्या शस्त्रक्रिया होणाऱ्या १८७ रुग्णांवर ही चाचणी करून २००२ मध्ये निष्कर्ष आले: ज्यांची धमनी कमी रुंदावली त्यांना नंतर हृदयाचे त्रास जास्त झाले. पण तीन-चार मिलिमीटरच्या धमनीतला मिलिमीटरच्या अंशाचा फरक मोजायचा, त्यातही जेवण, चहा, तंबाखू, मोजणाऱ्याचा हात यांनी आकडा हलतो. चाचणीने विज्ञान पुढे नेले, रोजच्या ओपीडीत तिला जागा मिळाली नाही.

म्हणून आपण जोखमीच्या गुणतक्त्यांवर विसंबतो. सर्वांत प्रचलित तक्ता १९९९ चा, सहा मुद्द्यांचा. त्यात मधुमेहाला गुण मिळतो तो इन्सुलिन चालू असेल तरच. आपल्याकडे पंधरा-वीस वर्षे गोळ्यांवर असलेले, साखर कधीच ताब्यात नसलेले आणि ‘इन्सुलिन नको हो डॉक्टर’ म्हणणारे कितीतरी. त्यांच्या रक्तवाहिन्यांची जी दैना झाली असेल तिला या तक्त्यात शून्य. वजनही असेच फसवते. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांचे एकत्र छायाचित्र २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ने छापले होते. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांच्यात ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के. बारीक दिसणाऱ्या भारतीयाच्या शरीरात काय दडलेले असते ते याहून स्पष्ट दाखवता येणार नाही. ‘अंगाने बरे आहेत, वजन नाही’ हे वाक्य प्री-अॅनेस्थेटिक तपासणीत मला म्हणूनच धोक्याचे वाटते.

विचारण्यातही असेच घसरते. ‘जिना चढताना धाप लागते का?’ उत्तर येते, ‘लिफ्ट आहे ना’, किंवा ‘गुडघ्यांमुळे चढतच नाही’. गुडघे बदलायला आलेल्या बाईंच्या हृदयाला गेली पाच वर्षे कोणी कामालाच लावलेले नसते. धाप लागणार कशी? २०१८ मध्ये १,४०१ रुग्णांवरच्या एका अभ्यासात डॉक्टरांनी नुसत्या अंदाजाने रुग्णाची श्रम करण्याची क्षमता ठरवली आणि ज्यांची क्षमता खरोखर कमी होती त्यांतले १९.२ टक्केच त्यांना ओळखता आले. बारा ठरावीक प्रश्नांची यादी अंदाजापेक्षा उपयोगी ठरली. पण त्या यादीत गोल्फ आणि स्कीइंग आहे. आपल्याला विचारायला हवे: दळणाचा भरलेला डबा गिरणीतून घरी आणता का? पाण्याची कळशी उचलता? एसटी पकडायला दहा पावले पळता का? आणि ‘सिगारेट ओढता का’ एवढ्यावर थांबू नये. मिश्री लावणाऱ्या मावशी त्यावर खरे तेच ‘नाही’ सांगतात, आणि निकोटीन तर त्यांच्याही रक्तात रोज उतरत असते.

धोका ओळखला म्हणजे तो टळला असे मात्र नाही. शस्त्रक्रियेआधी काही तास मेटोप्रोलॉल हे बीटा-ब्लॉकर नव्याने सुरू करून हृदय शांत ठेवावे, ही कल्पना किती पटण्यासारखी! २००८ च्या ‘पॉइज’ चाचणीत, ८,३५१ रुग्णांत, त्याने हृदयविकाराचे झटके कमी झाले, पण मृत्यू २.३ वरून ३.१ टक्क्यांवर गेले आणि पक्षाघात वाढले. रक्तवाहिन्यांच्या शस्त्रक्रियेआधी हृदयाचे स्टेंट किंवा बायपास करून घेण्याचा फायदाही २००४ च्या चाचणीत दिसला नाही. या दोन्ही निष्कर्षांनी मला एक धडा दिला: आधीच्या तपासणीतून एखादी जास्तीची प्रक्रिया निघाली म्हणजे काळजी घेतली, असे मानू नये.

उपयोग होतो तो साध्या गोष्टींचा, आणि त्याच आपल्याकडे निसटतात. उपाशी पोटी यायचे म्हणून आदल्या रात्रीपासून सगळ्याच गोळ्या बंद करणारे रुग्ण रोज भेटतात. वर्षानुवर्षे चालू असलेली स्टॅटिन आणि बीटा-ब्लॉकर घोटभर पाण्याबरोबर घ्यायचीच असतात. मधुमेहाच्या कोणत्या गोळ्या थांबवायच्या ते वेगळे सांगावे लागते. तंबाखू चार आठवडे आधी सुटली तर फुप्फुसे आणि जखम दोन्हींना फायदा. जोखीम जास्त असेल तर पहिल्या दोन दिवसांत ट्रोपोनिन, रात्रीही रक्तदाबावर नजर, हिमोग्लोबिन वेळेवर. हे सर्व ऑपरेशनच्या आधी लिहून ठेवता येते. फिटनेसच्या कागदावर ‘फिट’ या शब्दाऐवजी ‘जोखीम अमुक, पहिल्या ४८ तासांत हे पाहावे’ असे दोन ओळींत आले तर रात्रपाळीच्या सिस्टरला त्याचा खरा आधार होईल.

आणि डिस्चार्ज कार्ड. ‘व्हिजन’मधले २९.४ टक्के मृत्यू रुग्ण घरी गेल्यानंतरचे होते. आपल्या कार्डावर टाके कधी काढायचे, पट्टी कधी बदलायची हे ठळक असते. ट्रोपोनिन वाढले होते, ही नोंद क्वचितच. अशा रुग्णांना डॅबिगॅट्रान हे रक्त गोठू न देणारे औषध देऊन रक्तवाहिन्यांच्या मोठ्या गुंतागुंती पंधरा टक्क्यांवरून अकरावर आल्याचे २०१८ च्या १,७५४ रुग्णांच्या चाचणीत दिसले. ते कोणाला द्यायचे हे रक्तस्रावाचा धोका तोलून फिजिशियनच ठरवील, पण त्यासाठी त्याच्याकडे रुग्ण पोचला पाहिजे, हातात वाढलेल्या ट्रोपोनिनची तारीख आणि आकडा घेऊन, टाके निघायच्या आधी.