झिजायचं ते दरजेनं

जबलपूरची उच्च न्यायालयाची इमारत 1889 मधली, हेन्री आयर्विन यांच्या आराखड्यावर वीट आणि चुन्यात बांधलेली. शहरातले जुने बंगले, बराकी, वाडेही त्याच पद्धतीचे. या भिंतींच्या विटांमधल्या दरजा आज कुठे कुठे बोटभर आत गेलेल्या दिसतात आणि घरमालक घाबरून सिमेंट आणतो. त्यानं थोडं थांबावं.

भिंतीत पाणी शिरतंच. पावसाचं वरून येतं, जमिनीची ओल खालून चढते. पावसाळा सरला की ते बाहेर पडू पाहतं आणि सोपी वाट धरतं. चुन्याची दरज विटेपेक्षा मऊ आणि सच्छिद्र, म्हणून पाणी तिच्यातून उडून जातं. त्याच्यासोबत आलेले क्षार तिथेच साचतात, लोणा धरतो, चुना भुरभुरतो. वीट मात्र शाबूत राहते. म्हणजे जी दरज खराब झाली असं आपण म्हणतो, तिनं खरं तर आपलं काम चोख केलेलं असतं.

तीच दरज सिमेंटनं बुजवली की पाण्याची वाट बंद. मग ते विटेतून निघू लागतं. विटेचे पापुद्रे सुटतात, आणि काही वर्षांत विटा आत खचून सिमेंटची नुसती जाळी पुढे उरते. दरज पुन्हा भरता येते. वीट गेली की गेली.

मऊ म्हणजे पोकळ मात्र नव्हे. 22 मे 1997 च्या भूकंपात इथली मातीत रचलेली विटांची घरं फार पडली. रिकामी दरजही मातीसारखीच भिंतीची पकड सोडते, म्हणून ती भरलीच पाहिजे, पण तिच्याच जातीच्या मालानं.

छन्नी-हातोडीनं जुना चुना दरजेच्या रुंदीच्या दुप्पट खोल काढावा. ग्राइंडर नकोच, विटेची कड एकदा कापली की भरून येत नाही. धूळ झाडून दरज भिजवावी. एक भाग चुना, तीन भाग धुतलेली वाळू. ओलीच्या जागी थोडी सुरखी, म्हणजे विटेची भुकटी. माल घट्टसर ठेवून थरांनी दाबून भरावा, विटेच्या तोंडावर पसरू देऊ नये. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत सावकाश कठीण होतो, म्हणून आठवडाभर तरी ओली गोणपाटं लावावीत. मे महिन्यात हे काम काढणं म्हणजे चुना फुकट घालवणं. दसरा उलटल्यावर काढावं.

चुन्यासाठी लांब जायला नको. 1998 पर्यंत जबलपूर जिल्ह्यातच असलेलं कटनी चुनखडीसाठी प्रसिद्ध आहे. अडचण आहे ती सवयीची: आजचा मिस्त्री सिमेंटवरच शिकलेला असतो. त्याला आधी हातभर भिंत चुन्यानं भरायला सांगा, तिच्यावरून एक पावसाळा जाऊ द्या, आणि मगच उरलेली भिंत त्याच्या हाती द्या.