अनगडशहाच्या दारी पालखी का थांबते?



गेल्या कार्तिकी वारीनंतर आम्ही चार टाळकऱ्यांसह नर्मदाकाठच्या मणिबेलीस गेलो होतो. सरदार सरोवराच्या पाण्याने महाराष्ट्रातले जे गाव प्रथम गाठले, ते हेच. जवळचे शूलपाणेश्वराचे पुरातन देऊळ १९९४ साली पाण्याखाली गेले. देवासाठी पुढे गुजरातेत गोरा गावी नवे देऊळ झाले. माणसांनी मात्र घरे कुणी डोंगरावर चढवली, कुणी दूरच्या वसाहतीत नेली.

रात्री एका आदिवासी दादांच्या ओसरीवर भजन झाले. भजन संपल्यावर आमच्याबरोबरच्या एका तरुण टाळकऱ्याने खिशातून कागद काढला. म्हणाला, “महाराज, आमच्या गावच्या यात्रेत यंदा मुसलमान बांगडीवाल्यांना पाल टाकू द्यायचे नाही, असे ठरवताहेत. भजनी मंडळाच्या सह्या हव्यात म्हणतात. सही करू का?”

आम्ही बोलण्याआधीच ते दादा बोलले, “आमच्या वाघदेवालाही पुष्कळ लोक देव म्हणत नाहीत. मग आम्ही काय डोंगर सोडून जायचं?”

वाचकहो, प्रवचन तिथेच पुरे झाले होते. तरी त्या मुलाला आम्ही जे सांगितले ते तुम्हांपुढे मांडतो. कारण असा कागद उद्या तुमच्याही गावी येईल.

देहूहून तुकोबारायांची पालखी निघते. १६८५ साली नारायण महाराजांनी हा सोहळा सुरू केला. या पालखीची पहिली अभंग-आरती कोठे होते? अनगडशहा फकिराच्या दर्ग्यापाशी. कथा अशी सांगतात की, हा फकीर तुकोबांच्या दारी भिक्षेला आला. त्याचा कटोरा कुणाच्या दानाने भरत नसे. पण तुकोबांच्या लेकीने चिमूटभर पीठ घातले, आणि तो भरून वाहू लागला. आता नीट बघा. पीठ घालताना त्या पोरीने ‘आधी गळ्यात माळ घाल’ असे म्हटले नाही. फकीर फकीरच राहिला, आणि पालखी आजही त्याच्या दारी थांबते.

इथेच आपली एक चूक होते. श्रीगोंद्याचे शेख महंमद आम्हांला फार प्रिय. मुसलमान घरी जन्म, मराठीत ‘योगसंग्राम’ लिहिला, संतांच्या मांदियाळीत बसले. त्यांच्या समाधीला कुणी मंदिर म्हणतो, कुणी दर्गा. त्यांचे नाव आम्ही कीर्तनात मोठ्या प्रेमाने घेतो आणि आपण किती उदार, असे मनाशी म्हणतो. पण अहो, जो मुसलमान अभंग म्हणत नाही, पंढरीस येत नाही, आपला नमाज पढतो आणि आपल्या बांगड्या विकतो, त्याचे काय? आपल्यासारखा झाला त्यालाच जवळ केले, तर ते प्रेम आपले आपल्यावरच झाले! शेजारधर्माची कसोटी लागते ती आपल्याहून वेगळा राहणाऱ्यापाशी.

वेगळेपण झाकायचे, असेही नव्हे. नाथमहाराजांच्या ‘हिंदु-तुर्क संवादा’त दोघे एकमेकांच्या देवाधर्माची उणी बिनदिक्कत काढतात, कुणी कुणास सोडत नाही. शेवटी मात्र दोघे एकमेकांस आलिंगन देतात. वाद घालायला नाथांची मनाई नाही. मनाई आहे ती पोटावर मारायला.

मणिबेलीच्याच अक्कलकुवा तालुक्यात किती वाटा आहेत पाहा. डोंगरात वाघदेव आहे, याहा मोगीची भक्ती आहे. अक्कलकुव्यात १९७९ साली सुरू झालेली जामिया आहे, तिथे दूरदूरची मुसलमान मुले शिकतात. एकाची वाट दुसऱ्याने धरलीच पाहिजे, असे नाही. आपल्या राज्यघटनेच्या २५ व्या कलमाने ज्याला त्याला आपला धर्म पाळण्याची मुभा दिली, ती या सर्वांना मिळून.

आणि आपली लेकरे कोठे कोठे गेली आहेत! लंडनात १९३२ पासून महाराष्ट्र मंडळ आहे. तिथे आपण थोडे आणि परधर्मी फार. आपल्या नातवाने तिथे गणपती बसवावा, आणि शेजाऱ्याने कपाळाला आठी घालू नये, असे आपल्याला वाटते ना? मग तेच माप इथे, आपण पुष्कळ असताना, का बदलावे?

मणिबेलीवर पाणी चढत होते तेव्हा १९९४ साली देशोदेशींच्या संघटनांनी जागतिक बँकेपुढे आपली मागणी ठेवली. मोठ्या धरणांना पैसा देणे थांबवा म्हणून. त्या जाहीरनाम्याला त्यांनी नाव दिले मणिबेलीचे. सह्या करणाऱ्यांतल्या कितीकांनी हा डोंगर पाहिलाही नसेल! सही अशीही करता येते, परक्या माणसाचे घर राहावे म्हणून.

तो मुलगा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “माझ्या आईच्या हातात लग्नापासून त्याच माणसाने बांगड्या भरल्या. पण महाराज, सही नाही केली तर मंडळातून काढतील.”

आम्ही म्हणालो, “काढतील, बाळा. ते खोटे सांगत नाही. काढले तर टाळ घेऊन आमच्या दिंडीत ये. पण आधी बैठकीत उभा राहा आणि बांगड्यांची गोष्ट सांग. भांडू नकोस, कुणाला पापी म्हणू नकोस. ते लोकही आपलेच आहेत.”

माउलींनो, त्या मुलावर आलेला प्रसंग तुमच्यावर आला तर दोन गोष्टी करा. कागद कोऱ्या सहीनिशी परत द्या. आणि यात्रेच्या दिवशी त्या पालापाशी जाऊन घरच्या लेकीसुनांना बांगड्या भरा. पालखी अनगडशहाच्या दारी का थांबते, हे तेव्हा सांगावे लागणार नाही.

राम कृष्ण हरि!