सुताचा हिशेब

माझे रात्रीचे नऊ, लेकीचे दुपारचे साडेतीन. लीड्सच्या घरातला रेडिएटर तिने व्हिडिओ कॉलवर दाखवला. नात रांगायला लागली, हात भाजेल म्हणून त्यावर लाकडी आवरण हवं होतं. पनवेलात चाळीस वर्षं सुतारकाम केलं, पण घर तापवायचं यंत्र कधी मोजलं नाही. इथे मे महिन्यात भिंतीच ते काम करतात.

"बाबा, रुंदी शंभर सेंटीमीटर, उंची साठ." मी मनात एकोणचाळीस इंच तीन सूत, तेवीस इंच पाच सूत केलं. आठ सुतांचा इंच, त्याशिवाय माझा हात चालत नाही. मग विचारलं, बाजूचा नळ धरलास? भिंतीच्या पायाशी पट्टी आहे ती किती जाड? दोन्ही राहिलं होतं. नवशिका वस्तू मोजतो, जागा विसरतो.

खालून गार हवा शिरते, तापून वर निघते, म्हणून तळ उघडा आणि वर जाळी, हे मला समजलं. पण त्या नळाच्या टोकाला तापमान ओळखणारा नॉब होता. तो पेटीत कोंडला तर आतलीच गरम हवा त्याला लागणार, घर तापलं असं समजून तो पाणी अडवणार आणि खोली गारच राहणार.

वडाळे तलावाकाठी फिरताना हे डोक्यातून जाईना. देवळातल्या वर्गात आमचे शास्त्रीबुवा सदानंदांचा 'वेदान्तसार' शिकवतात. मायेच्या दोन शक्ती, आवरण आणि विक्षेप. एवढासा ढग अफाट सूर्याला झाकतो म्हणतात, पण झाकली जाते ती पाहणाऱ्याची नजर. मला हे नुसतं शब्दांचं कौतुक वाटायचं. आवरण आहे तर ते ब्रह्मावरच असणार, दुसऱ्या कुणावर? नॉबमुळे पटलं. पेटीतला रेडिएटर तापायचा तसा तापतोच, फसतो तो पेटीत बसून घराचा अंदाज घेणारा. 'माया'ची एक व्युत्पत्ती 'मा' म्हणजे मोजणे या धातूवरून देतात, हेही बुवांनीच सांगितलेलं. सुताराला हे जरा लागतं.

नॉबपुरती उजवी फळी कापून तो बाहेर ठेवायला सांगितला. परवा फोटो आला. आवरण झकास बसलंय, आणि नात त्याच्यापाशी बसून दोन्ही हातांनी नॉब पिरगाळतेय.