एका तासाची लढाई

साठीनंतर माणसाने गीता वाचावी, असे आमच्या घरातले मत आहे. मी शिसाचे शिपाई रंगवतो. बोटाच्या पेराएवढा एकेक शिपाई. एकाच्या मिशीला अख्खी दुपार जाते. "गीतासुद्धा रणांगणावरच सांगितली," असे मी एकदा म्हणून पाहिले. चालले नाही.

शिपाई नुसते मांडून भागत नाही, ते लढवावे लागतात आणि त्याला नियमांचे पुस्तक लागते. मी सगळ्यांत जाड आणले. जाड ते खरे, अशी आपली समजूत! चिखलात घोडे किती इंच चालते, चढावर बंदुकीचा नेम किती चुकतो, सगळ्याची कोष्टके. तीन रविवार झाले तरी नेपोलियन टीपॉयवरून सतरंजीवर उतरला नव्हता.

माझे प्रतिस्पर्धी शेजारचे नाना. वहिनी दोन वर्षे अंथरुणाला खिळलेल्या. रविवारी चार ते पाच मुलगी येऊन बसते, तेवढाच नानांना तास मोकळा. चौथ्या रविवारी ते म्हणाले, "अहो, आमची गोळी कोष्टकातच अडकते. निदान हरलो एवढं तरी कळू द्या!"

मग मी नील थॉमस यांचे २०१४चे 'वन-अवर वॉरगेम्स' मागवले. बाजूला सहा पलटणी, पंधरा डाव, पंधरा घाव बसले की पलटण आडवी. संपले! पण मन खाऊ लागले. सोयीचे नियम निवडणे म्हणजे लबाडीच की नाही? उद्या माणूस म्हणेल, मला सत्य बोलायला वेळ नाही, मी थोडक्यातले सत्य बोलतो.

इतिहासाने धीर दिला. प्रशियात १८२४ साली राइसवित्झ यांनी लष्करासाठी युद्धखेळाचे काटेकोर नियम छापले. १८७६ साली त्याच सैन्यातल्या व्हर्डी दु व्हर्न्वा यांनी फासे आणि कोष्टके बाजूला ठेवून निकाल पंचाच्या अनुभवावर सोडला. एच. जी. वेल्स यांनी १९१३च्या 'लिटल वॉर्स'मध्ये चालीला घड्याळच लावले: तीस शिपायांमागे एक मिनिट. मोठ्यांनाही वेळ कमीच होता म्हणायचा!

तेव्हा नियम निवडण्यात पाप नाही. फासा पडल्यावर ते बदलण्यात आहे.

हे मला गेल्या रविवारी नीट समजले. पाच वाजले. शेवटचा डाव, नानांचा फासा बाकी. माझ्या उरलेल्या एकुलत्या एक पलटणीला अकरा घाव. चार किंवा वर पडले की खलास. नाना चप्पल घालत म्हणाले, "माझा फासा तुम्हीच टाका. निघतो, मुलगी खोळंबेल."

मी एकटा. खोलीत दुसरे कोणी नाही. फासा टाकला. पाच.

खरे सांगतो, पाचातले तीन ठिपके मी काही क्षण विसरून पाहिले. नियम सोपे असले म्हणून पाळायला सोपे असतात असे नाही. मग उठलो, नानांच्या दारात गेलो आणि मोठ्याने म्हणालो, "नाना, जिंकलात हो!"

आतून वहिनींचा आवाज आला, "अगंबाई! कुणाला मारलंत?" आणि त्या हसल्या. पुष्कळ दिवसांनी ऐकले ते हसू.

घरी येऊन पलटण पेटीत ठेवली. हिने विचारले, "काय झालं लढाईचं?"

"हरलो."

"मग एवढे खूश का?"

याचे उत्तर एकाही पुस्तकाच्या कोष्टकात नाही.