अभयारण्यग्रस्त

शिराळ्यात झेरॉक्सच्या दुकानात माझ्या पुढं एक पोरगा उभा होता. पिशवीतून त्यानं प्रकल्पग्रस्ताचा दाखला काढला. आजोबांच्या नावचा, घडीवर फाटलेला, मागून चिकटपट्टी लावलेला. भरतीत पाच टक्के समांतर आरक्षण आहे, म्हणून तो आता नातवाच्या नावावर व्हायचा होता. मूळ गाव कुठलं, विचारलं. "पार्कात गेलं," म्हणाला, म्हणजे चांदोलीच्या राष्ट्रीय उद्यानात. त्यानं ते पाहिलेलं नाही.

पूरग्रस्त, दुष्काळग्रस्त, भूकंपग्रस्त. या शब्दांत कर्ता नसतो, कारण तिथं दोष द्यायला कुणी माणूस नसतो. प्रकल्पग्रस्त हा शब्द त्यांच्याच पंगतीत बसवलाय; भरतीच्या जाहिरातीतही तो भूकंपग्रस्तांच्या शेजारी असतो. पण भूकंपाच्या फायलीवर कुणी सही करत नाही. वारणेवरचं चांदोलीचं ३४.४० टीएमसीचं धरण सह्यांनीच उभं राहिलं. धरण नको होतं, असं मी म्हणणार नाही. वारणेच्या पाण्यावरचा ऊस आमच्याही घरात आलाय. पुढं १९८५ला तिथंच अभयारण्य झालं, २००४ला राष्ट्रीय उद्यान, २०१०ला व्याघ्र प्रकल्प. वन्यजीव संरक्षणाच्या ज्या १९७२च्या कायद्यानं शिराळ्याच्या जिवंत नागांच्या नागपंचमीवर बंधनं आली, त्याच कायद्याखालचं हे अभयारण्य. तिथून उठवलेल्या माणसांना नाव मिळालं अभयारण्यग्रस्त. एकाच शब्दात अभयही आणि ग्रस्तही, आणि सरकारी कागदावर तो कुणाला खटकत नाही.

घर सुटलेल्यांसाठी दुसराही एक शब्द आहे. शेजारी कोल्हापूरजवळ वळिवड्याला १९४३ ते १९४८ सुमारे पाच हजार पोलिश माणसं राहिली. रशियानं घरातून उचलून सैबेरियाकडं नेलेली, इराणमार्गे इकडं आलेली. त्यांना आपण निर्वासित म्हणालो. निर्वासित म्हटलं की घालवणारा कोण, हे विचारता येतं. १९५१चा निर्वासितांचा जागतिक करारही छळाची भीती आहे का, सरहद्द ओलांडली का, हेच विचारतो. २०२४च्या अखेरीस जगात बारा कोटींवर माणसं युद्धानं, छळानं घर सोडून होती, असं संयुक्त राष्ट्रांनी मोजलं. धरणानं आणि जंगलानं उठवलेले त्या मोजणीत येत नाहीत. चांदोलीच्या माणसांना सरहद्द ओलांडावी लागली नाही. नदीच्या खालच्या अंगाला लाभक्षेत्रात वसाहत मिळाली, आणि जमीन मिळवण्यासाठीही श्रमिक मुक्ती दलाच्या झेंड्याखाली वर्षानुवर्षं ठिय्या मारावा लागला.

वळिवड्याच्या छावणीत वाढलेले काही जण २०१९ला म्हातारपणी कोल्हापूरला परत आले, तेव्हा त्यांचं स्वागत झालं. या पोराच्या घरच्यांना मात्र जुन्या गावच्या देवाला जायचं तर आधी वनखात्याची परवानगी काढावी लागते. दुकानदारानं विचारलं, किती प्रती? तो म्हणाला, पाच काढा, मूळ कागद आता फार दिवस टिकायचा नाही.