अनिकेत

आजचं वाचन गीता, अध्याय १२, श्लोक १९. भक्ताची लक्षणं सांगता सांगता भगवंत इथे एक शब्द वापरतात, अनिकेत. निकेत म्हणजे घर. ज्याला घर नाही तो अनिकेत. आपण इकडे होम लोनचे हप्ते भरतोय, आणि भगवंत म्हणतायत की असा बिनघराचा भक्त मला आवडतो!

ज्ञानेश्वर माऊली हा शब्द छान उलगडतात. वारा कुठे एका जागी बिऱ्हाड करतो का? तसा हा भक्त. त्याला अख्खं विश्वच आपलं घर वाटायला लागतं. म्हणजे फ्लॅट विकायला कुणी सांगत नाहीये, घाबरू नका.

ही यादी सुरू होते श्लोक १३ पासून. तिथे पहिलं लक्षण आहे कुणाचाही द्वेष न करणं, मग मैत्री, मग करुणा. आता करुणेचा आणि घर नसण्याचा संबंध काय? मला वाटतं, तो चालल्याशिवाय कळत नाही. घरी असताना दार आपलं असतं. बेल वाजली की उघडायचं की नाही, पार्सलवाल्याला पाणी विचारायचं की नाही, हे आपण ठरवतो. प्रवासात दार दुसऱ्याचं असतं.

वारीत हे फार स्पष्ट दिसतं. पुणे ते सासवड हा टप्पा लांबलचक, त्यात दिवे घाटाची चढण. ऑफिसात वीस माणसांची टीम सांभाळणारा माणूस तिथे रस्त्याच्या कडेला बसून कुणाच्या तरी हातचा चहा घेत असतो. कुणी अनोळखी माणूस त्याचे पाय चेपून देतो, कुणी तुटलेली चप्पल शिवून देतो आणि पैसे घेत नाही. वर त्यालाच 'माऊली' म्हणून नमस्कार करतो. अशा वेळी थोडं अवघडल्यासारखं होतं, खरं सांगा. आपल्याला द्यायची सवय असते, पण घ्यायला जमत नाही. घेताना आपली पोझिशन उपयोगाची नसते, आपण फक्त तहानलेले असतो. आणि एकदा तसं तहानलेलं राहिलं की दाराबाहेर उभा असलेला माणूस वेगळा दिसायला लागतो.

पण म्हणून कितीही फिरलं की मन मोठं होतंच, असं मुळीच नाही. काही जण घर पाठीवर बांधूनच निघतात. डोंगरातल्या होमस्टेमध्ये पोहोचतात आणि तिथल्या काकूंना ऐकवतात, आमच्याकडे चहा असा नसतो. ते कितीही किलोमीटर फिरले तरी अनिकेत नाहीत.

आणि हे फक्त पर्यटकांचं नाही, आपलं भक्तांचंही आहे. शतकानुशतकं माणसं पंढरीला चालत गेली, वाटेत एकमेकांच्या पाया पडली, आणि मंदिराच्या दाराशी काहींना थांबवलं गेलं. एवढं चालून शेवटचं दार बंद! ते सर्वांना उघडावं म्हणून साने गुरुजींना १९४७ च्या मे महिन्यात पंढरपुरात प्राणांतिक उपोषण करावं लागलं. १ तारखेला सुरू झालेलं ते उपोषण १० तारखेला सुटलं. म्हणजे चालणं तर होतंच, विश्व आपलं घर आहे हे ऐकलेलंही होतं, पण त्या घरात कोण येणार यावर पहारा होता. आपल्या सोसायटीत कामाला येणाऱ्या मावशींसाठी लिफ्ट वेगळी असेल, तर हा इतिहास फार जुना नाही.

पंढरपूरला गेलात तर महाद्वाराशी नामदेवांच्या पायरीपाशी घाई करू नका. तिच्या समोरच चोखोबांची समाधी आहे. चोखोबा मंगळवेढ्याला भिंत कोसळून गेले. परंपरा सांगते की त्यांना आणायला नामदेव स्वतः तिथे गेले. ढिगाऱ्यात हाडं कुणाची हे कसं ओळखायचं? नामदेव एकेक हाड कानाशी लावत होते. ज्यातून विठ्ठल विठ्ठल ऐकू आलं, ती त्यांनी वेचली आणि पंढरीला घेऊन आले.

उद्या श्लोक २०, आणि अध्याय पूर्ण.

राम कृष्ण हरी!