दारात लटकणाऱ्याचा दोष



९ जून २०२५ रोजी, सोमवारी सकाळी, मुंब्रा आणि दिवा स्थानकांदरम्यान विरुद्ध दिशांनी जाणाऱ्या दोन भरगच्च लोकल एका वळणावर एकमेकींजवळून गेल्या. दारात लटकलेले तेरा प्रवासी खाली पडले. त्यांतील चौघांचा त्याच दिवशी अंत झाला. आपल्या धर्मग्रामातील बहुतेक घरांतून रोज कोणी ना कोणी याच रुळांवरून कामाला जाते. म्हणूनच तेव्हापासून एक वाक्य वारंवार कानी पडते आणि ते आम्हाला खटकते: ‘लटकायचेच कशाला? पुढची गाडी पकडायची.’

वाक्य साधे आहे, पण तो एक निवाडा आहे. जो गेला तो स्वेच्छेने गेला, असे त्यात गृहीत धरलेले आहे.

स्वेच्छा म्हणजे काय, हा प्रश्न जुना आहे. ॲरिस्टॉटल वादळात सापडलेल्या जहाजाचे उदाहरण देतो. कोणीही हौसेने आपला माल समुद्रात फेकत नाही, पण जीव वाचवायचा तर शहाणा माणूस तेच करतो. अशा कृतीत इच्छा आणि सक्ती दोन्ही मिसळलेल्या असतात. संत थॉमस अक्वायनस हेच उदाहरण घेऊन पुढे म्हणतात की, त्या घटकेला आणि त्या परिस्थितीत ती कृती इच्छेकडेच अधिक झुकते. तेव्हा लटकणाऱ्याचा काहीच वाटा नाही, असे आम्ही म्हणत नाही. (मोबाइलसमोर कसरती करणारी पोरे वेगळी. त्यांचे कान पिळावेत, आमची हरकत नाही.)

परंतु जहाजाचे उदाहरण आपल्या फलाटावर आणले की ते उलटे होते. तिथे जीव वाचवण्यासाठी माल टाकला जातो. इथे माल वाचवण्यासाठी जीव टांगला जातो. आणि माल तरी केवढा? एक लेट मार्क. काही ठिकाणी असे तीन साठले की अर्ध्या दिवसाचा पगार कापतात. पुढची गाडी पकडायला सांगणाऱ्याने साडेआठच्या सुमारास डोंबिवलीच्या फलाटावर उभे राहून पाहावे. पुढची गाडीही तशीच येते, तिच्या पुढचीही.

शिवाय जहाजावरचे वादळ निसर्गाचे होते. आपले वादळ माणसांनी तयार केलेले आहे आणि त्याला वेळापत्रक आहे. नोकऱ्या मुंबईत राहिल्या. परवडणारी घरे मात्र डोंबिवली, दिवा, टिटवाळा, बदलापूर अशी दूर सरकत गेली. ठाणे–दिवा पाचव्या-सहाव्या मार्गिकेला २००८ मध्ये मंजुरी मिळाली आणि त्या सुरू झाल्या फेब्रुवारी २०२२ मध्ये. त्या चौदा वर्षांत इमारती थांबल्या नव्हत्या. एका चौरस मीटरमध्ये चौदा ते सोळा माणसे उभी राहतात, या स्थितीला रेल्वेच्या भाषेत ‘सुपर डेन्स क्रश लोड’ म्हणतात. एखाद्या अन्यायाला तांत्रिक नाव मिळाले की तो हिशेबात बसतो, मनाला बोचत नाही. उपनगरी रेल्वेवर, रूळ ओलांडताना होणारे मृत्यू धरून, वर्षाला दोन हजारांहून अधिक माणसे मरतात. प्रवाशांच्या या अवस्थेबद्दल जून २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने रेल्वेला कठोर शब्दांत सुनावले होते. मुंब्र्याची घटना त्यानंतर वर्षभराने घडली.

मग दोषी शोधणे सुरू झाले. आधी प्रवाशाच्या पाठीवरच्या सॅककडे बोट गेले. नोव्हेंबर २०२५ मध्ये लोहमार्ग पोलिसांनी रेल्वेच्या दोन अभियंत्यांवर गुन्हा नोंदवला. त्याच्या निषेधार्थ कर्मचाऱ्यांनी ऐन संध्याकाळी लोकल रोखल्या आणि हाल झाले ते पुन्हा प्रवाशांचेच. तपास जरूर व्हावा. मात्र एक नाव सापडले की बाकीचे सारे हात धुऊन मोकळे होतात. पिलाताला पाण्याचे भांडे तरी मागवावे लागले होते.

लूककृत शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात शिलोहाच्या बुरुजाचा उल्लेख आहे. बुरूज कोसळून अठरा माणसे ठार झाली होती. ती इतरांपेक्षा अधिक अपराधी होती का, असा प्रश्न प्रभू येशू स्वतःच विचारतो आणि स्वतःच नाही म्हणतो. मेलेल्यांचा हिशेब तो मांडत नाही. जे जिवंत उभे आहेत त्यांच्याकडे वळतो आणि त्यांना पश्चात्ताप करायला सांगतो.

पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९८७ च्या परिपत्रकात ‘पापाच्या संरचना’ असा शब्दप्रयोग केला. ‘व्यवस्थाच वाईट, आपण काय करणार’ असे म्हणण्याची सोय मात्र त्यांनी ठेवली नाही. अशा संरचनेच्या मुळाशी व्यक्तींनी केलेली पापे असतात, असे ते स्पष्ट सांगतात. आपल्यात दुकानांचे मालक आहेत, कार्यालयांत हजेरीपट सांभाळणारे आहेत, घरकामाला बाई ठेवणारे आहेत. कामाच्या वेळा विभागाव्यात, असे आवाहन मध्य रेल्वेने कार्यालयांना केले, त्याला प्रतिसाद जेमतेम मिळाला. दहाचे साडेदहा केल्याने कोणते दुकान बुडते? डब्यातही पाहा. दिव्याचा, मुंब्र्याचा माणूस चढू नये म्हणून दार अडवून उभे राहणारे गट कोणाचे असतात? ते रेल्वे मंत्रालयाने पाठवलेले नसतात.

कायदा या बाबतीत आपल्यापेक्षा उदार आहे. रेल्वे कायदा, १९८९ ताकीद देऊनही पायरीवरून प्रवास करणाऱ्याला दंड ठोठावतो. पण त्याच कायद्याच्या कलम १२४-अ नुसार गाडीतून अपघाताने पडलेल्या प्रवाशाला भरपाई देताना रेल्वेची चूक सिद्ध करावी लागत नाही. निव्वळ निष्काळजीपणाच्या कारणावरून ती नाकारता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये सांगितले. मृत्यू झाल्यास ही रक्कम आठ लाख रुपये आहे. दावा एका वर्षाच्या आत रेल्वे दावा न्यायाधिकरणाकडे करावा लागतो. मृताजवळ तिकीट किंवा पास सापडला नाही, एवढ्यावरून तो फेटाळला जात नाही. नातेवाइकांचे प्रतिज्ञापत्र लागते. आपल्या ओळखीत असे एखादे कुटुंब असेल, मग ते कोणत्याही धर्माचे असो, त्यांना ही माहिती सांगा. शोकात असलेल्या घरात वर्ष कसे सरते ते कळत नाही.